दाराला लावलेली बोराटी

ऊसतोडीला निघताना आम्ही दाराला बोराटीचे काटे लावायचो, कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. उन्हाळ्यात गावी परतलो, तर रेशन बंद. चौकशीच्या साहेबांनी ते काटे पाहून लिहिलं होतं, इथं कुणी राहत नाही.

नव्यानं अर्ज केला. तहसीलमधला बाबू म्हणाला, "परत चौकशी होईल. घरीच थांबा."

"कवर थांबू? बसून खायला घरात हाय काय?" मी भडकले.

दिवाळी गेली, तरी कुणी फिरकलं नाही. तोडीला न्यायला ट्रक आला. नवऱ्यानं सवयीनं बोराटी ओढून आणली.

"न्हाई लावायची," मी म्हणाले.

दार सताड उघडं टाकून निघालो. कुत्र्यानं तोंड घालावं असं आत उरलंच काय होतं?