आत पाणी उरलं का?

रुपाली घाडी परळच्या एका रुग्णालयात सतरा वर्षं शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करते आहे. माझ्या वर्गात होती तेव्हा शेवटच्या बाकावर बसून अखंड बोलायची. बारावी झाली त्याच वर्षी वडील गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी खात्याची परीक्षा द्यायचं ठरवलं आणि रसायनशास्त्र घोटायला शिवाजी पार्कला माझ्या घरी येऊ लागली. रासायनिक समतोलाची गणितं ती गप्पा मारत भाजी निवडावी तशी सोडवायची. वयाच्या अटीमुळे तिला ही एकच संधी होती.

परीक्षा झाली, उत्तरसूची लागली. पास व्हायला साठ गुण हवे होते. सूचीप्रमाणे हिचे एकोणसाठ होत होते. दुपारी अडीचला ती माझ्या दारात उभी, धापा टाकत.

"बाई, सूची चुकलीय!"

"आधी पाणी पी."

"नको. पाचच्या आत हरकत द्यायचीय."

प्रश्न साधा होता. हवा काढून घेतलेल्या दहा लिटरच्या बंद भांड्यात सत्तावीस अंशांना एक दशांश ग्रॅम पाणी सोडलं. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याचे सत्तावीस मिलिमीटर. तर आतला दाब किती? सूची म्हणत होती पर्याय 'अ', सत्तावीस. रुपालीनं खूण केली होती 'ब'वर, सुमारे दहा.

"सत्तावीसच," मी म्हटलं. "बाष्पदाब तापमानावर ठरतो, भांड्यावर नाही. शाळेत दहा दहा वेळा लिहून घेतलंय मी तुमच्याकडून."

"आणि मी लिहिलंय. पण बाई, आत पाणी उरलं का?"

"म्हणजे?"

"हत्यारं वाफवायचा आमचा जुना ऑटोक्लेव्ह लावताना आधी काचेच्या नळीत पाणी बघायचं. खाली पाणी आहे तोवर दाबाचा काटा चढतो. पाणी संपलं की तो पाहिजे तिथं पोचतच नाही. इथं एवढं मोठं भांडं आणि पाणी दोन थेंब! सत्तावीसला पोचायला पाव ग्रॅमाहून जास्त वाफ लागते. ती आणायची कुठून?"

मी चष्मा लावला. कॅलेंडरच्या पाठीवर वायूचं समीकरण मांडलं. दहा पूर्णांक चार. पुन्हा केलं. तेच. एकतीस वर्षं मी ते वाक्य शिकवलं, आणि त्याच्या अलीकडचा अर्धा भाग, 'पाणी शिल्लक असेल तर', कधी फळ्यावर लिहिलाच नव्हता.

"अगं, मीच चुकले की!" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते नंतर बघू. आता हरकत लिहून द्या."

"मी नाही, तू लिही. गणित तुझं आहे."

ती लिहीत गेली. सगळं पाणी वाफ झालं, द्रव उरला नाही, म्हणून समतोल नाही, म्हणून दाब बाष्पदाबाहून कमी. मी फक्त एका ठिकाणी शून्य वाढवलं. खाली तिचा नवरा वैभव स्कूटर घेऊन थांबला होता. त्याची हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत आली, "अगो, चार वाजले! पेपर परत लिवतंस काय?"

"गप रे! दोन मिनिटं!"

त्या दोन मिनिटांची वीस झाली. मग जिन्यावर तिच्या चपलांचा जो आवाज झाला, त्यानं शेजारच्या कमळाबाई दार उघडून बघायला आल्या. पाचला सात मिनिटं असताना अर्ज पोचला, शिक्का बसला.

पुढचे नऊ दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. दहाव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बाई! 'अ'चं 'ब' झालं! दहा बरोबर, सत्तावीस चूक! सुधारित सूचीत छापलंय!"

"आणि तू? पास का?"

"म्हणजे काय! साठ झाले की! पण बाई, तुम्ही आधी सूची बघा ना, पाठवलीय. सत्तेचाळिसावा प्रश्न."