मिस्त्रींचा कान

मुक्कामाची जागा आली की मिस्त्री गाडी चालू ठेवूनच खाली उतरायचे आणि बॉनेटवर तळहात टेकायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "खूश हाय," म्हणायचे. मगच इंजिन बंद व्हायचं.

यवतमाळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे. त्यांची बायको, आमच्या भाभी, पाने हातात देत शेजारीच असायच्या. जुन्या व्हॅनची मागची सीट काढून त्यांनी फळीचा पलंग केला होता, मच्छरदाणीसकट. थंडी पडली की ते, भाभी आणि फुकट्या शेजारी म्हणून मी, असे घाटंजीकडच्या रानात दोन-दोन दिवस मुक्कामाला जायचो. जिल्ह्यात मास्तरकी करून रिटायर झालो, पण जिल्हा पाहिला तो त्या फळीवर बसून.

एकदा एका शेताच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, मी घाईनं चुलीचे दगड मांडले. मिस्त्री भडकले.

"मास्तर, उचला ते! पाव्हन्यानं आधी दार वाजवा लागते."

"शेताले दार कुठं असते?"

"मालक त असते ना!"

गेले, मालकाला विचारून आले. येताना ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन आले. मग मी दगड पुन्हा मांडले.

फळीवरून मला एक गोष्ट दिसायची. भाभी त्यांच्या गुडघ्यावर बोट वाजवायच्या. एकदा वाजवलं की गिअर बदलायचा, दोनदा वाजवलं की मागून हॉर्न. तुम्ही म्हणाल, म्हातारपणातलं प्रेम. मीही तसंच समजलो होतो! मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं होतं.

मोठ्यानं म्हटलं, "कानाचं मशीन घ्या ना."

"मशीनचा आवाज मशीनमधून कायले आइकू? लोक माह्या कानाच्या भरवशावर गाडी देतेत, मास्तर. कोनाले सांगू नका."

मी सांगितलं नाही. चुकलंच माझं.

गेल्या हिवाळ्यात परतीच्या वाटेवर भाभींना डुलकी लागली. मागून ट्रक हॉर्न मारत होता. मी ओरडलो, तोवर तो आमचा आरसा घेऊन गेला. पुढे थांबून ड्रायव्हरनं नको नको ते सुनावलं.

"काय म्हने तो?" मिस्त्रींनी विचारलं.

"रस्ता विचारून राह्यलता."

"आरसा फोडून?"

भाभी जाग्या होऊन रडायला लागल्या. मिस्त्रींनी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. भाभींना गाडी त्यांनीच शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं. रस्त्यावर मात्र कधी देत नव्हते. "ले, अब तू चला," म्हणाले आणि डावीकडे जाऊन बसले.

महिन्याभरानं आम्ही बोरी अरबच्या बाजारात चहाला थांबलो. एक जुनं गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं. "मिस्त्री, जरा आइका बरं. खडखड करून राह्यला." बघता बघता माणसं जमली. आता हा माणूस काय करणार?

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "मले आता आइकू येत नाही," सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मग भाभींकडे वळले. "तू सुन."

भाभींनी डोक्यावरचा पदर सावरला, वाकून ऐकलं. "टॅपेट."

काय सांगू, त्या दोघांचा मला असा अभिमान वाटला की डोळेच भरून आले. मिस्त्री पाना घेऊन पुढे झाले, इंजिनाचं कव्हर खोललं, व्हॉल्व्हवरचा टॅपेटच ढिला निघाला. मग छाती फुगवून गर्दीकडे पाहत म्हणाले, "कोनाले शंका असंन त दुसऱ्या मिस्त्रीले दाखवा!"