सात गाणी, अकरा मिनिटं
परवा रेडिओची तार सोल्डर करताना धूर नाकात गेला आणि लाखांदूरजवळच्या एका गावची मंडई, म्हणजे तिथली जत्रा, आठवली, कारण तिथेही स्टेजमागे मी आमच्या अॅम्प्लिफायरची तार अशीच जोडली होती. दिवाळीनंतरची भर दुपार, दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ संपलेला, आणि आता आमचा चौघांचा पंक रॉक बँड. मी ड्रमवर. गाणाऱ्या मित्राला वडिलांनी बजावलं होतं, "आज लोकायले नाही आवडलं, तं उद्यापासून गिटार बंद." ते समोरच बसले होते. आम्ही जीव तोडून सात गाणी अकरा मिनिटांत संपवली. रात्रभर नाटक बघणाऱ्या त्या लोकांतून एक म्हातारा ओरडला, "माइक टेस्टिंग झाली ना पोट्टेहो? करा आता सुरू!" मंडप हसला. आमच्याकडे आठवं गाणंच नव्हतं. मित्र गिटार उतरवू लागला तसे वडील उठले, वाटलं, निघाले. "काहून थांबले? तेच वाजवा. मले बोल समजले नाही," असं म्हणून ते परत बसले. या वेळी तेरा मिनिटं लागली, कारण मित्र शब्द नीट म्हणत होता. बँड पुढे पाच महिनेच टिकला. आम्हाला ऐकून कुणी गिटार हाती धरल्याचं ऐकिवात नाही. पण घरात मुलांचं काही समजलं नाही, तर नको म्हणण्याआधी मी खाली बसून ऐकतो.