गोळी घेतलीस का?

लाँड्रीवालीचे हात आणि तोंड एकाच वेळी थांबलेले गल्लीत कुणी पाहिले नव्हते. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हाताने शर्टाची कॉलर ताणलेली, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन अडकवलेला, आणि त्यातूनच दारातल्या गिऱ्हाइकाला "पावती काढून ठेवा, आलेच," हे चालू. लग्नाआधी ती कापडाच्या दुकानात होती, मग एका दवाखान्यात, मग तिकीटखिडकीत. कुठेच टिकली नाही, कारण बसून करायचं काम तिला चावायचं. लाँड्री तेवढी मानवली. इथे दिवसभर उभं राहता येतं आणि हात रिकामे राहत नाहीत.

अशा बाईच्या पोटी भिंगरी जन्माला आली, यात नवल ते काय? पोरीचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. जेवताना दोन घास खाल्ले की एक फेरी. वर्गात बाईंचा प्रश्न निम्मा झाला की हिचं उत्तर तयार, तेही बाकावर उभं राहून. डबा शाळेत, स्वेटर मैदानावर, आणि एक बूट कुठे गेला ते देवालाच ठाऊक. नऊ वर्षांच्या त्या पोरीने घरादाराच्या नाकी नऊ आणले होते.

शेवटी शाळेनेच सांगितलं म्हणून लाँड्रीवाली तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी चार-पाच भेटींत पोरीला पारखलं, शिक्षिकेशी बोलल्या, मग म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. लक्ष ठरत नाही, हातपाय थांबत नाहीत, आणि मनात आलं की ती करून मोकळी होते. ती मुद्दाम करत नाही." मग सहज विचारलं, "तुम्ही लहानपणी कशा होतात?"

"मी? मी चांगली शांत होते," असं म्हणत लाँड्रीवालीने बाईंच्या टेबलावरची सगळी पेनं उचलून रंगांप्रमाणे लावून ठेवली.

नाश्त्यानंतर रोज एक गोळी सुरू झाली. सासूबाईंनी लगेच नाक मुरडलं. "एवढ्याशा पोरीला कसल्या गोळ्या? आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा."

"तुमच्या धपाट्यांनी तुमचा मुलगा तरी कुठे सुधारला?" लाँड्रीवाली म्हणाली. मुलगा तेव्हा स्कूटरवर कपड्यांचे गठ्ठे बांधत होता. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि किक मारली.

गोळीने फरक पडला, खोटं कशाला बोला. दुपारी भूक मेल्यासारखी व्हायची आणि संध्याकाळी पोर चिडचिड करायची, पण गणिताचं पान एका बैठकीत पुरं व्हायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की गोळी म्हणजे निम्मंच काम. एका वेळी एकच गोष्ट सांगा, चांगलं वागली की तिथल्या तिथे शाबासकी द्या, मध्ये मध्ये उठू द्या. लाँड्रीवालीने मान डोलावली होती. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना एकेक गोष्ट सांगत कोण बसतंय? गोळी देणं सोपं होतं, तेवढं तिने नेमाने केलं.

आणि मग ते एक वाक्य घराच्या तोंडी बसलं. भिंगरीच्या हातून ग्लास फुटला, की "गोळी घेतलीस का?" जोरात हसली, की "गोळी घेतलीस का?" दुकानात गिऱ्हाइकांच्या देखत, सासूबाईंच्या शेजारणींपुढे, रस्त्यात. उलट पोरीने काही चांगलं केलं, की लाँड्रीवाली कौतुकाने म्हणायची, "बघा, गोळीने कसा गुण दिला." यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

मग एकाएकी सगळं पुन्हा बिघडलं. पोर वर्गातून उठून जायला लागली, वह्या कोऱ्या यायला लागल्या, आणि एक दिवस तिने रागाच्या भरात कंपासपेटी भिरकावली, ती एका मुलीच्या कपाळावर बसली. टाका पडला नाही हे नशीब. मुख्याध्यापिकांनी लाँड्रीवालीला उभ्या उभ्याच सांगितलं, "डॉक्टरांना दाखवा. महिन्याभरात फरक पडला नाही, तर दुसरी शाळा बघावी लागेल."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आसपास दुसरी शाळा होती कुठे? आणि असली तरी तिथे काय वेगळं होणार? तिने शुक्रवारची वेळ घेतली. गोळीचं प्रमाण वाढवून मागायचं असं मनाशी ठरवून टाकलं. गोळी तर ती स्वतःच्या हाताने, डोळ्यांदेखत देत होती. मग गुण जात होता कुठे? इस्त्री करताना तिने त्या आठवड्यात एका कोऱ्या पँटला चक्क भोक पाडलं.

लाँड्रीत कपडे मशीनमध्ये जाण्याआधी खिसे तपासतात. तिकिटं, किल्ल्या, च्युइंगम, काय काय निघतं. हे काम तिचे हात आपोआप करायचे. घरचे कपडे मात्र ती तसेच कोंबायची, आपल्याच माणसांचे खिसे काय तपासायचे? बुधवारी भिंगरीचा गणवेश चुकून गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात आला, आणि सवयीने तिचा हात खिशात गेला. वहीच्या कागदाची पुडी निघाली. आत गोळ्या होत्या, जिभेखाली राहून अर्धवट विरघळलेल्या आणि कागदाला चिकटलेल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगरी शाळेतून येऊन काउंटरवर पाय हलवत बसली होती आणि हँगरचा धनुष्यबाण करत होती. लाँड्रीवालीने पुडी तिच्यापुढे आपटली. "हे काय आहे?"

"गोळ्या."

"ते दिसतंय मला, आंधळी नाही मी. थुंकतेस? माझ्या पाठीमागे थुंकतेस?"

भिंगरीने हँगर खाली ठेवला. "मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"मी किती आहे आणि गोळी किती आहे."

लाँड्रीवालीचा हात उगारलेला तसाच राहिला. मारावं की जवळ घ्यावं, तिला कळेना. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच वसकन म्हणाली, "जा, हातपाय धू."

दुसऱ्या दिवशी भिंगरीने लपवाछपवी केलीच नाही. तोंड घट्ट मिटून बसली. आईने समजावलं, दटावलं, शेवटी जबडा धरला. पोर चावली. गोळी कपाटाखाली गेली, पाणी सासूबाईंच्या अंगावर. लाँड्रीवालीने आपल्या बोटावर उमटलेले दात पाहिले, पोरीच्या गालावर उठलेली आपली बोटं पाहिली, आणि ती कधी नव्हे ते मटकन खाली बसली. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी बसून राहिली.

"नको घेऊस," ती म्हणाली. "उद्या बाईंना तूच काय ते सांग."

शुक्रवारी भिंगरीने खुर्चीवर गुडघे टेकून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी पोटात गेलीच नाही, तर वाढवायची कशाला? आणि ती गणितं सोडवत नाही. बसणं सोपं करते, गणितं तूच सोडवतेस." मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवला. "हा असतो म्हणून मला वाचता येतं. पण वाचते मीच ना?"

भिंगरी चष्म्याकडे बघत म्हणाली, "पण तुम्ही कुणावर ओरडलात, तर सगळ्यांसमोर विचारतं का कुणी, आज चष्मा घातला नाही वाटतं?"

बाईंनी चष्मा हळूच परत डोळ्यांवर चढवला आणि लाँड्रीवालीकडे पाहिलं. लाँड्रीवालीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पोरीने दंगा केला तो गोळी नसल्याचा आणि शहाणपणा केला तो गोळीचा, मग पोरीचं स्वतःचं असं घरात काय उरलं होतं? हे नऊ वर्षांच्या मुलीला कळलं होतं आणि आपल्याला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

"मी घेईन," भिंगरी म्हणाली. "पण ते विचारायचं नाही. आजीनेपण नाही."

तहाची कलमं ठरली. गोळी सकाळी, समोर, गिळून. बाई शाळेशी बोलल्या. भिंगरीला मागच्या बाकाशी उभं राहून लिहायची परवानगी मिळाली, वह्या वाटायचं काम मिळालं, आणि मुदत सत्र संपेपर्यंत वाढली. लाँड्रीवाली एका वेळी एकच गोष्ट सांगायला शिकत होती, तिचा त्यात जीव घुसमटायचा. ते वाक्य तर दिवसातून कितीदा जिभेवर यायचं. एकदा "गो" एवढं बाहेर पडलंच, तर तिने "गोड काही खायचंय का?" करून वेळ मारून नेली. सासूबाईंनी एकदा विचारलं तेव्हा सुनेने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या माळ घेऊन आत गेल्या.

वर्गातलं भिरकावणं थांबलं होतं, पण पोर काही देवाची मूर्ती झाली नव्हती. एका शनिवारी ती दुकानात गरकन वळली आणि स्टार्चची बादली लवंडली. सगळं पाणी कडक इस्त्री करून रचलेल्या पांढऱ्या शर्टांच्या थप्पीखाली. एका हॉटेलच्या वेटरांचे शर्ट होते, तासाभरात माणूस न्यायला येणार होता. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. भिंगरी जागच्या जागी थिजली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

लाँड्रीवालीने तोंड उघडलं. मग मिटलं. खालचा ओठ दातांत धरला, वरचे शर्ट उचलले, ओले बाजूला टाकले.

"फडकं आण," ती म्हणाली.

भिंगरीने फडकं आणलं. दोघी उकिडव्या बसून फरशी पुसायला लागल्या.

"घेतली होती मी," भिंगरी फरशीकडे बघत म्हणाली.

"मी विचारलं का?"

"नाही ना. म्हणून तर सांगतेय."