मेणावरची हळद

मार्गशीर्षातल्या दुपारी केडगावच्या हवेत गुऱ्हाळांचा गोड, करपट वास दाटलेला असतो आणि चिपाडांची काळी राख अलगद उतरत राहते. वाळवणावर, केसांवर आणि आमच्या ह्यांच्या गाडीवर. मला त्या राखेचं कधी काही वाटलं नाही. ह्यांना मात्र तिच्यापायी घास गोड लागत नसे.

उद्या आमच्या वैशालीचं लग्न, मांडवात हळद चाललेली, आणि मुलीचा बाप सकाळपासून घरामागे त्या जुन्या पांढऱ्या गाडीला न्हाऊ घालत होता. “पोर उद्या हिच्यातनंच सासरी जानार,” हे एकच उत्तर. शाम्पूचं पाणी झालं, मग सणसवाडीच्या कारखान्यातल्या, रंगखात्यातल्या मित्राकडून आणलेला, पत्र्याला चिकटलेली राख ओढून काढणारा मऊ मातीचा गोळा निघाला. पत्रा ओला करायचा, गोळा फिरवायचा, मळ धरला की दुमडून पुन्हा मळायचा. आणि हा माणूस जन्मात कणकेच्या परातीकडे फिरकला नव्हता. मधूनच हातात प्लास्टिकची पिशवी चढवून पत्रा चाचपायचा, कारण पिशवीतून म्हणे बारीकशी खरखरही बोटांना कळते. दाराकडे डोळे लावून बसलेली पोर तेवढी कळत नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

उन्हं कलली. मेण लावून, वाळवून, पुसून झालं. बॉनेटच्या चकाकीत वरच्या कडुलिंबाची फांदी स्वच्छ दिसू लागली. तेव्हा हळदीनं माखलेली वैशालीच बाहेर आली.

“आप्पा, समद्यांनी हळद लावली. तुम्हीच तेवढं ऱ्हायलाय.”

“आलो गं, एवढा कोपरा...”

पुढचं तिनं ऐकलंच नाही. ओल्या हळदीचे दोन्ही पंजे बॉनेटवर दाबले आणि आत निघून गेली. मी फडकं पुढं केलं. “ऱ्हाऊ दे,” हे म्हणाले, आणि मांडवात जाऊन तिच्या गालांना हळद लावून आले.

पहाटे दव पडलं. मी बाहेर आले तर हे गाडीपाशी उभे. मेण उत्तम बसलं होतं. थेंब गोल होऊन घरंगळत होते आणि त्यांच्यासोबत पंजेही ओघळून गेले होते. एवढं गुळगुळीत केल्यावर त्यावर काय टिकणार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ह्यांनी पिशवी न चढवता, उघडाच तळवा बॉनेटवरून सावकाश फिरवला. ह्याच गुळगुळीतपणासाठी काल दिवसभर बोटं झिजवली होती.

“हाताला कायबी लागत न्हाई गं,” ते म्हणाले.