कडक इस्त्री

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीचा नवरा फौजेतून धडधाकट परतला, म्हणून सगळी गल्ली तिला नशीबवान म्हणायची. नशीबवानच ती! दार आपटलं की हा माणूस पलंगाखाली. एकदा दाराशी फुगा फुटला, तर त्याने पोटच्या पोरीला जमिनीवर असं दाबून धरलं की तिचा हात मोडला. वाचवत होता बिचारा. पोरगी तेव्हापासून मामाकडे, त्याला वर्ष होऊन गेलं. तिला घरी आणायचं, एवढ्यासाठी इस्त्रीवालीने माजी सैनिकांच्या दवाखान्याचे उंबरठे झिजवले आणि नवऱ्याच्या मनावर उपचार व्हावेत म्हणून एकदाची तपासणीची वेळ मिळवली.

त्या दिवशी तिने स्वतः त्याची दाढी केली, ठेवणीतला शर्ट काढला आणि कुठल्याच गिऱ्हाइकाला करून दिली नसेल अशी कडक इस्त्री केली. चार लोकांत नवऱ्याची शोभा नको. तिला बापडीला आयुष्यात दुसरं काय सरळ करता येत होतं?

तपासायला निवृत्त मेजरसाहेब बसलेले. फौजी माणूस फौजी माणसाशीच मोकळं बोलेल, ही वरच्यांची शक्कल. ज्याला सुचली त्याचा सत्कारच करायला हवा! साहेबांना पाहताच नवऱ्याच्या टाचा जुळल्या.

"काय जवान, सगळं ठीक?"

"एकदम ठीक, साहेब!"

"झोप?"

"छान, साहेब!"

साहेबापुढे रडगाणं गायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. इस्त्रीवालीला राहवेना.

"खोटं सांगताहेत हे, साहेब. पोरीचा हात मोडला यांनी!"

"वहिनी," साहेब हसले, "आजारी माणूस असा असतो का? शर्ट बघा त्याचा. खचलेल्यांना बटणं लावायची शुद्ध नसते. कुरबुरी कुठल्या घरात होत नाहीत? जरा सांभाळून घ्या."

झालं. उपचारांची गरज नाही, असा निकाल लागला. तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

बाहेर येताच नवरा जिन्यात मटकन बसला. घामाने निथळत होता. "बरोबर बोललो ना गं मी?" तिला त्याचा संताप आला आणि तितकीच कीवही आली.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "आई, बाबांना औषध मिळालं? मी येऊ?"

"इतक्यात नको, बाळा."

"मामी म्हणते, मला आई म्हणत जा. म्हणू?"

इस्त्रीवालीने पदर तोंडात कोंबला. मग तो काढून, आवाज सरळ करून म्हणाली, "म्हण."