ज्वारीच्या दाण्याएवढी चांदी

कचरूभाऊंच्या शेडला त्यांची लेक पूर्वा ‘खाण’ म्हणायची. कर्वेनगरच्या मागं, नाल्याच्या कडेला पत्र्याचं शेड, आत तीन निळे ड्रम आणि एक छोटी भट्टी. हिंजवडीच्या बसमधून उतरून घरी आली, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

“काय खाणमालक, आज डोंगर कुठवर पोखरला?”

“डोंगर कशाला हवा? तिकडं राजस्थानात जावरला जमिनीच्या पोटात उतरतात, शिशा-जस्ताच्या दगडाचा भुगा करतात, तेव्हा कुठं चिमूटभर चांदी हाती लागते. आपल्याकडं लोक पिशवीत घालून देतात.”

ते काही खोटं नव्हतं. एक्स-रेच्या जुन्या फिल्मवरचा काळा थर म्हणजे चांदीच असते. एका खाजगी दवाखान्याच्या डार्करूममध्ये कचरूभाऊंनी एकतीस वर्षं काढली. मग कॉम्प्युटर आला, फिल्म गेली, डार्करूममध्ये झाडू-फिनेल ठेवायला लागले, आणि कचरूभाऊ घरी बसले. स्वस्थ बसणं जमेना, म्हणून स्कूटरवरून सोसायट्या, वस्त्या फिरून जुन्या फिल्म गोळा करू लागले. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात फिल्म सोडली, की भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसा थर सुटतो. तळाचा गाळ वाळवायचा, टाकणखार घालून मुशीत वितळवायचा. मळ वर, चांदी खाली. उरलेलं स्वच्छ प्लास्टिक बांगड्यांच्या खोक्यांना जातं.

धुण्याआधी मात्र प्रत्येक फिल्म खिडकीशी धरून बघायची, ही डार्करूमची सवय सुटली नव्हती.

दिवाळीच्या आधी चांदीचा भाव रोज उठून नवा होता. त्या दिवसांत ते वाघोलीला दगडखाणीजवळच्या वस्तीत गेले. तिथल्या कांताबाईंनी पेटीच्या तळातून एक पिशवी काढली. त्यांचे मालक सोनबा बाजेवर बसून खोकत होते. सव्वीस वर्षं खाणीत सुरुंगाची भोकं पाडलेला माणूस. आता उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जायलाही मध्ये थांबायला लागायचं.

“समद्या घराचं हाय ह्यात. सासूचा पाय, माझा हात. येकमेकाला पार चिकटून बसल्यात. मला वाचता येत न्हाई, भाऊ. समदं न्या, पर ह्यांचा फोटो तेवढा आणून द्या. लई वर्सांचा हाय.”

“आणून देतो ताई.”

घरी येऊन त्यांनी फिल्म सोडवल्या, पुसल्या. एका पाकिटात तरुण सोनबाचा पासपोर्ट फोटो निघाला, डोक्याला नवी टोपी. त्याच पाकिटात छातीची मोठी फिल्म, कोपऱ्यात नाव आणि २००४ साल. कचरूभाऊंनी ती खिडकीशी धरली. दोन्ही फुप्फुसांवर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके. असे ठिपके त्यांनी शेकड्यानं पाहिले होते. आणि फिल्म जुनी, भरघोस काळी. अशीत चांदी जास्त.

ह्यांचा फोटो.

क्षणभर हात थांबला. “फोटो काढायचाय, शर्ट काढून या,” हे वाक्य एकतीस वर्षं त्यांनी स्वतःच पेशंटना ऐकवलं होतं. तरी त्यांनी टोपीवाला फोटो उचलून खिशात घातला. फोटो म्हणजे फोटो, असं मनाला सांगितलं आणि फिल्म ड्रममध्ये सोडली.

आठवड्यानं त्यांनी पाकीट नेऊन दिलं तेव्हा कांताबाई हसायलाच लागल्या.

“अवो, ह्या थोबाडाचं काय करू? रोज बघतीच की! आतला फोटो, छातीचा. रविवारी शाळंत शिबिर हाय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, जुना फोटो आणा, म्हंजी खाणीची धूळ छातीत कवापासनं बसलीया ते कागदावर येतंय. कागद झाला तर सरकारातनं औषधपान्याचं काय तरी हुईल.”

“शोधतो. ढिगात असेल,” कचरूभाऊ म्हणाले आणि स्कूटर वळवली.

ढिगात काही नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? फोटो काढलेल्या दवाखान्यातही त्यांनी चौकशी केली. तिथला जुना साठा कधीच रद्दीत गेला होता. आणि ती रद्दी कोणाच्या ड्रममध्ये गेली, हेही त्यांना आठवलं. रात्री ते ताट तसंच सोडून उठले. पूर्वानं खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

“अहो बाबा, मग चूक झाली म्हणा ना सरळ. मिसअंडरस्टँडिंग होतं.”

“चूक झाली असती तर कधीच म्हणालो असतो गं.”

रविवारी ते शाळेत गेले. व्हरांड्यात टेबल टाकून डॉक्टर सुहासिनी बसल्या होत्या. समोर सोनबा, शेजारी कांताबाई. कचरूभाऊंनी उभ्यानंच फिल्मवर काय पाहिलं ते सांगितलं. साल, ठिपके, कुठल्या बाजूला दाट. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

“हे तोंडी आहे, कितपत चालेल सांगता येत नाही. सही करा. फिल्मचं काय लिहू, गहाळ?”

“नाही. मी धुतली.”

“चुकून?”

कचरूभाऊंनी कांताबाईंकडे पाहिलं.

“नाही. समजून.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. कांताबाई म्हणाल्या, “चांदी तरी निघाली का?”

“निघाली.”

“केवढी?”

त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं. “ज्वारीच्या दाण्याएवढी.”

“एवढ्याशापायी व्हय,” त्या म्हणाल्या. पुढं ‘भाऊ’ लावलं नाही.

पटांगणात एक्स-रेची गाडी उभी होती. सोनबाला दोघांनी धरून आत चढवलं. दार अर्धवट लोटलेलं, आतून मशीनवरचा मुलगा सांगत होता, “काका, श्वास घ्या. रोखून धरा.” खोकला. “पुन्हा. रोखा.” पुन्हा खोकला. बाहेर उन्हात कचरूभाऊ हाताची मूठ वळून उभे होते. तिसऱ्या वेळी ‘रोखा’ ऐकू आलं, तेव्हा त्यांनीही श्वास रोखला, आणि आतून ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडला नाही.